तीनशे सतरा नंबरची गाठ

मित्रांनो, मी मेणाचा आहे खरा, पण मला आजवर कुणी देवापुढं लावलेलं नाही, आणि लावूही नका. आंघोळीच्या साबणाची वडी झिजून शेवटी जेवढी उरते, तेवढा मी आहे. माझ्या पोटात चिंचोक्याएवढा एक करडा तुकडा आहे. तो माणसाच्या गळ्यातला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात, जिथं शरीराचे तुकडे तपासून आजार ओळखतात त्या विभागात, लोखंडी कपाटाच्या चौथ्या ड्रॉवरमध्ये मी राहतो. माझ्या चिठ्ठीवर शहराचं नाव मात्र औरंगाबाद आहे. सतरा वर्षांपूर्वी लिहिलेली चिठ्ठी कोण बदलणार?

एक गोष्ट आधीच कबूल करतो. माझा स्वभाव संशयी आहे. ड्रॉवर सरकला की मला वाटतं, आला कुणीतरी मला फेकायला. सतरा वर्षांत तीनदा ते खरंही होतं. तेव्हा माझ्या संशयाला अगदीच नावं ठेवू नका.

जन्माआधी मी एका बाईच्या गळ्यात होतो, डाव्या जबड्याखाली. तिचा आवाज माझ्या अगदी शेजारून जायचा. शेळ्यांना हाकारणं, पोरावर ओरडणं, भल्या पहाटे तुळशीला पाणी घालताना पुटपुटणं, सगळं मला आधी कळायचं आणि जगाला मागून. ती रागावली की मी ताणला जायचो. ती हसली की मला गुदगुल्या व्हायच्या. मग माझ्यात काहीतरी येऊन बसलं. मी फुगत गेलो, आवळ्याएवढा झालो. तिला पाणी गिळताना मी टोचू लागलो. एके दिवशी तिला झोपवलं, गळ्याला बारीकशी चीर दिली आणि मला बाहेर काढलं. त्या क्षणापासून माझ्यापुरता तिचा आवाज बंद झाला. मित्रांनो, देवळातली घंटा अचानक थांबावी तसं झालं मला.

पुढचे हाल थोडक्यात सांगतो. मला फॉर्मालीनच्या बाटलीत बुडवलं, मग स्पिरिटमध्ये, मग रॉकेलसारख्या उग्र वासाच्या एका पाण्यात. शेवटी शौकत नावाच्या माणसानं माझ्यावर वितळलेलं मेण ओतलं. तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. प्रत्येक ठोकळा ओतताना तो ओठातल्या ओठात ‘बिस्मिल्ला’ म्हणायचा, आणि मेण गोठायच्या आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी त्यात सरकवायचा. पेन्सिलच का, तर शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ३१७, सन २००८. तसाच नंबर लिहिलेली दुसरी चिठ्ठी घरच्या माणसाला दिली गेली.

शौकतनं माझ्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या काढल्या, त्या काचेवर रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. माझ्यात क्षयाचे जंतू होते. वहीत तसं लिहिलं गेलं: टीबी. घाबरू नका, फॉर्मालीननं आणि गरम मेणानं ते तेव्हाच मेले. पण मेले तरी त्यांच्या अंगावरच्या खुणा मेणात टिकून राहिल्या. हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात नव्हतं, माझ्याही नाही.

सुरुवातीची दोन वर्षं माझं कौतुक झालं. माझ्या चकत्या शिकाऊ डॉक्टरांना दाखवायचे. “अशी नमुनेदार गाठ पुन्हा बघायला मिळत नाही,” असं मोठे सर म्हणायचे. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू! मग नव्या गाठी आल्या आणि मी चौथ्या ड्रॉवरमध्ये गेलो. मे महिन्यात लोखंड तापून आम्ही शेजारचे एकमेकांना चिकटायचो. एका पावसाळ्यात छताचं पाणी आत झिरपलं, खालच्या ड्रॉवरमधल्या चिठ्ठ्या भिजल्या आणि तिथले ठोकळे कुणाचेच राहिले नाहीत. ते बघून मी एक नेम धरला. रोज सकाळी झाडूचा आवाज आला की मी माझ्या नंबराचा जप करायचो. तीनशे सतरा, तीनशे सतरा. चिठ्ठी गेली तरी निदान मला तरी माझी ओळख राहावी.

दहा वर्षांपुढचे ठोकळे काढून टाका, असा हुकूम तीनदा आला. तिन्ही वेळा गोणी आणली गेली. आणि तिन्ही वेळा शौकत, आता मिशा पांढऱ्या झालेला, मोजायचं राहिलंय, यादी व्हायचीय, शिक्का मिळत नाही, असं काहीबाही सांगून गोणी रिकामीच परत पाठवायचा. “किसीकी अमानत है बाबा, हमारा क्या जाता है,” असं म्हणायचा. तरी मी त्याच्यावरही पुरता विश्वास ठेवला नव्हता. गोणी तोच तर धरून उभा असायचा!

मग माहनूर आली. संशोधन करणारी तरुण मुलगी, डोक्याला घट्ट ओढणी, हातात निळे मोजे. ती ड्रॉवर उघडायची, नंबर वाचायची आणि काही ठोकळे उचलून न्यायची. ते परत यायचे तेव्हा बारीक झालेले असायचे. मला वाटलं, हिनं आम्हाला थोडं थोडं संपवायचं ठरवलंय. मी शक्य तेवढा मागं सरकून बसलो. मेणाच्या ठोकळ्याला जेवढं सरकता येतं तेवढं.

विभागाच्या प्रमुख डॉक्टर सुकेशनी यांचं टेबल आमच्या कपाटाला अगदी लागून आहे. मागच्या वर्षी दिवाळी होऊन महिना झाला असेल. त्या टेबलापाशी एक बाई बोलायला लागली, आणि मी आतल्या आत हाललो. तोच आवाज! सोळा वर्षांनी. जरा घोगरा झालेला, पण तोच.

“आमच्या घरात?” ती म्हणत होती. “सात पिढ्यांत टीबी न्हाई. आमी शेरडांमागं फिरणारी, उघड्या हवेवरची माणसं. हे दुखणं हिच्या माहेरनं, अजिंठ्यावरनं आलंय. लग्नातच खोकत हुता हिचा बाप.”

“बिडीनं खोकत होते ते, आत्याबाई,” एक हळू आवाज आला.

“बिडी म्हणं! अगं, त्याचा रुमाल मी तवाच बघितला हुता. मीच येडी, बघून गप बसले.”

असं मला कळलं, की माझ्या बाईचं नाव बानाबाई. मूळची पाचोडकडची, आता हर्सूलला राहणारी. हळू आवाजाची ती तिची सून सत्यशीला. सुनेच्या गळ्यात गाठ आली होती, ती तपासायला इथं आली आणि टीबी निघाला. बानाबाईनं सुनेचं ताट, तांब्या, अंथरूण सगळं वेगळं केलं होतं. चार वर्षांच्या नातीला आईजवळ जायची बंदी होती. आता सुनेला अजिंठ्याला धाडायचं आणि नातीला स्वतःपाशी ठेवायचं, असं ठरलं होतं. सत्यशीलाचा नवरा राम वाळूजला कारखान्यात. आईपुढं त्याचं तोंड उघडत नव्हतं.

“बानाबाई, नीट ऐका,” डॉक्टर म्हणाल्या. “गळ्यातल्या गाठीचा टीबी श्वासातून पसरत नाही. हिच्या छातीचा फोटो स्वच्छ आहे. मुलगी आईजवळ राहिली तरी चालेल. पण घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला हवी. तुमच्या थुंकीचीही.”

“माझी? मी कशापाई? आजारी ही हाय का मी?”

“तुम्ही मघापासून खोकताय.”

“धुळीचा हाय तो. हर्सूलच्या रस्त्यानं एकदा चालून बघा, तुमी बी खोकाल.” आणि ती पुन्हा खोकली. मित्रांनो, त्या खोकल्याला मी घाबरलो. त्याच्या आत काहीतरी ओलं होतं. मी त्या गळ्यात राहिलेला आहे. तिथला धुळीचा खोकला मला माहीत आहे. हा तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारा होत चाललेला गृहस्थ एकटाच आला. बानाबाईचा नवरा, खंडेराव. कोपरीच्या खिशातून त्यानं घडी घातलेला एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. कागद पिवळाधमक होता. त्याला भंडाऱ्याचा वास होता, खंडोबाला उधळतात त्या हळदीचा.

“देवाच्या टाकाशेजारी भंडाऱ्याची डबी असती,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “तिला माझ्याबिगर घरात कुणी हात लावत न्हाई. सोळा वर्सं तिच्यातच ठिवला हुता. नंबर वाचा मॅडम.”

डॉक्टरांनी वाचला. “तीनशे सतरा.”

माझा जप दुसऱ्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

“तिला म्हाईत न्हाई,” खंडेराव म्हणाला. “तवा माझी आई जित्ती हुती. टीबी म्हटल्यावर तिनं दुसऱ्या दिशी बानाला माहेरी घालवली असती. गल्लीत एकीला घालवली हुती, ती परत आलीच न्हाई. म्हणून म्या चरबीची गाठ म्हणून सांगितलं, अन् गोळ्या ताकदीच्या म्हणून दिल्या. दोन महिन्यांत गाल भरले तिचे. मग कशाला उगाच म्हणून बंद केल्या.”

“सहा महिने द्यायच्या होत्या, खंडेराव.”

“आता कळतंय, बाई. ती गाठ तपासा. सुनेच्या गाठीशी जुळती का बघा. पण माझं नाव घेऊ नका. कागदावर आंगठा मी देतो.”

“तुमचा अंगठा चालत नाही. गाठ तिची आहे, परवानगीही तिचीच लागेल. आणि तिला खरं सांगायचं काम तुमचं. मी तुम्हाला चार दिवस देते. माणूस खोकतोय तुमच्या घरात.”

चार दिवसांनी दोघंही आली. खंडेराव दाराशी उभा राहून आपल्या वहाणांकडं बघत होता. त्यानं काहीही सांगितलेलं नव्हतं, हे डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं. मग त्यांनीच वही उघडून सरळ सांगितलं: तुमच्या गळ्यातून काढलेली गाठ आमच्याकडं आहे, आणि तिच्यापुढं टीबी असं लिहिलंय.

बानाबाई हसली. “चरबीची हुती ती! ह्यांनाच इचारा की. अवं, सांगा!”

सगळे खंडेरावाकडं बघायला लागले. मीसुद्धा. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ओढत नेत होतं, त्याची चाकं करकरत होती.

“व्हय,” तो म्हणाला. “चरबीची.”

“बघा!” बानाबाईनं टेबलावर थाप मारली. “तुमची वहीच चुकलीय. दुसऱ्या कुणाची गाठ माझ्या नावावर लावलीय. असं लई चालतं हितं, म्हाईत हाय मला. कुटं करायची सही? तपासा खुशाल. ही माझी न्हाईच हे बी कळंल, अन् हिनं माहेरनं आणलाय हे बी कळंल.”

तिनं सही केली. अक्षर खडबडीत, पण ठाम. मी तिच्या हातापासून दीड वितीवर होतो आणि ती मला दुसऱ्याचा म्हणत होती.

मग मला बाहेर काढलं गेलं. शौकतनं मला बर्फावर ठेवलं आणि कापायच्या यंत्राला लावलं. इथं त्याची एक रीत सांगतो. एक ठोकळा कापून झाला की पातं बदलायचं, यंत्र पुसायचं आणि दुसऱ्याला हात लावायच्या आधी साध्या, कोऱ्या मेणाचा एक ठोकळा कापायचा. त्याच्या पोटात काहीच नसतं. त्याच्या चकत्याही तपासायला जातात. कोऱ्या मेणात जंतूंची खूण निघाली, तर समजायचं की पात्यानं एकाचं दुसऱ्याला लावलं. त्या दिवशी आधी सत्यशीलाचा ठोकळा, मग कोरा, मग मी.

माहनूरनं आमच्यातून जंतूंचे बारीक अंश काढले आणि त्यांची ओळखपत्रं तयार केली. ती दिसायला ठिपक्यांच्या रांगोळीसारखी असतात. एका ओळीत त्रेचाळीस जागा. कुठं ठिपका आहे, कुठं गळालेला. कोणते ठिपके गळाले यावरून जंतूंचं कूळ कळतं. माझी ओळ आणि सत्यशीलाची ओळ तिनं एकाखाली एक ठेवली. ठिपक्याला ठिपका, गळालेल्याला गळालेला.

मी खुशीत आलो. पण माहनूरच्या कपाळावर आठी पडली.

“शौकतचाचा, एकाच दिवशी दोन्ही कापलेत ना? पातं खरंच बदललं होतं?”

शौकतनं चष्मा काढला. “बेटा, तू पैदा नहीं हुई थी तबसे मैं पाते बदल रहा हूँ.”

“म्हणजे विसरला असाल असं नाही...”

“तसंच म्हणतेस. बोल ना साफ.”

“चाचा, एका बाईचं घर अडकलंय यात. मला माझ्यावर पण शक आहे. मी रात्री झोपले नाही.”

हे ऐकून शौकतचा राग उतरला. “शक अच्छा है,” तो म्हणाला. “पण कोऱ्याला विचार आधी.” कोऱ्या मेणाच्या ओळीत एकही ठिपका नव्हता. तरीही माहनूरनं आठवड्यानं मला एकट्यालाच पुन्हा कापायला लावलं, दुसऱ्या खोलीतल्या यंत्रावर, आणि आणखी एक वेगळी तपासणीही केली. उत्तर तेच आलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की संशय दोन तऱ्हांचा असतो. एक, ज्याला उत्तर नकोच असतं. आणि दुसरा, जो उत्तर येईपर्यंत झोपत नाही. माझा कोणत्या जातीचा, हे मी स्वतःला विचारलं आणि जरा ओशाळलो.

निकालाच्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. सत्यशीला अजिंठ्याहून आली. चाळीस दिवसांत तिनं लेकीला बघितलं नव्हतं. लेक बानाबाईच्या मांडीवर होती, आणि आई दिसताच तिनं दोन्ही हात पुढं केले. बानाबाईनं ते हात धरून परत पदराखाली घेतले. “न्हाई चिमणे. आईला बाऊ झालाय.” आणि पोरीच्या केसांवर तोंड ठेवूनच ती खोकली.

डॉक्टरांनी दोन्ही ओळी दाखवल्या. “कुणी कुणाला दिला याची शपथ आम्ही घेऊ शकत नाही,” त्या म्हणाल्या. “पण दोघींमधले जंतू एकाच कुळाचे आहेत, आणि हे कूळ आपल्या भागात मी फार क्वचित बघितलंय. सून या घरात यायच्या दहा वर्षं आधी ते या गाठीत होतं. म्हणजे ते हिनं आणलेलं नाही.”

“गाठच माझी न्हाई!” बानाबाई कडाडली. मी टेबलावर सगळ्यांच्या मधोमध पडलो होतो. तिनं माझ्याकडं बोट केलं. “हे मेणाचं ढेकूळ दाखवून मला येडी करता? ह्याच्यावर माझं तोंड कोरलंय का?”

मित्रांनो, मेणाला बोलता येत असतं तर मी त्या वेळी ओरडलो असतो. तुझ्या तुळशीच्या वेळचं पुटपुटणं मला पाठ आहे, बाई! पण ठिपक्यांनी सांगून झालं होतं आणि ते पुरलं नव्हतं. खंडेराव दारातून हलत नव्हता.

सत्यशीलानं डोळे पुसले. आता सगळं हरल्यासारखी ती डॉक्टरांना हळूच म्हणाली, “मॅडम, एक इचारू? गोळ्या सुरू केल्यापासनं लघवी लालकेशरी होती. रगत तर नसंल ना? मी कुणाला बोलले न्हाई.”

“नाही गं. त्या एका गोळीचा रंग आहे तो. जो कुणी ती गोळी घेतो, त्याची तशीच होते. घाबरू नको.”

बानाबाई पुढं काही बोलणार होती. ती थांबली. तिचा हात गळ्याकडं गेला, डाव्या बाजूला, जिथं पदराखाली बारीकशी जुनी खूण होती.

“त्याच गोळीनं व्हती का?” तिनं विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता. “ताकदीच्या गोळ्यांनी न्हाई व्हत?”

“त्यांनी पिवळी होते. अशी केशरी नाही.”

ती वळली. “अवं,” ती नवऱ्याला म्हणाली. “त्या बिटाच्या गोळ्या?”

खंडेराव दारातून आत आला. कोपरीच्या खिशातून त्यानं पुन्हा तो पिवळा कागद काढला आणि माझ्या शेजारी ठेवला. त्याच्यावरचा नंबर आणि माझ्यावरचा नंबर, एकाच पेन्सिलीनं, एकाच हातानं लिहिलेले.

“लाल दिसल्यावर तू भ्याली हुतीस,” तो म्हणाला. “म्या म्हणालो, गोळ्यांत बिटाचा अर्क हाय. बाना, माझ्या आईनं तुला घालवली असती गं. ताट येगळं केलं असतं, रामला तुझ्यापासनं तोडला असता...”

तो मध्येच थांबला. बोलता बोलता ते त्याच्याही कानांवर पडलं होतं.

बानाबाई सुनेच्या गळ्यावरच्या ताज्या खुणेकडं बघत होती. मग तिनं खाली, आपल्या मांडीवरच्या पोरीच्या डोक्याकडं बघितलं, आणि तिला एकदम चटका बसावा तसं झालं. तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला, मान भिंतीकडं फिरवली आणि आंधळ्यासारखे हात लांब करून पोरीला खाली सोडलं.

“जा,” ती पदरातून म्हणाली. “आईकडं पळ. पळ म्हणते ना!”

पोरगी धावली. सत्यशीलानं तिला उचललं तेव्हा खुर्ची आडवी झाली. ती कुणीच उचलली नाही.

त्याच दिवशी बानाबाईनं थुंकी तपासायला दिली. तिच्या फुप्फुसात तेच कूळ जागं झालेलं निघालं. तिला गोळ्या सुरू झाल्या, या वेळी पूर्ण सहा महिन्यांच्या. चिमणीला आणि खंडेरावाला होऊ नये म्हणून वेगळी औषधं दिली. पुढचं मला शौकतच्या तोंडून कळलं. घरी गेल्यावर बानाबाईनं स्वतःचं ताट वेगळं मांडलं आणि कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून जेवायला बसली. सत्यशीलानं ते ताट उचलून सगळ्यांच्या रांगेत ठेवलं. “ताटानं न्हाई होत, आत्याबाई,” ती म्हणाली. “श्वासानं होतं. मास्क लावा, अन् ती खिडकी उघडा आधी. किती दिसांची बंद हाय.”

मागच्या महिन्यात बानाबाई पुन्हा आली. उपचार संपले होते, खोकला गेला होता. तिनं डॉक्टरांना काही मागितलं नाही. शौकतला म्हणाली, “भाऊ, ते माझं मेण जरा दावा की.”

शौकतनं मला तिच्या तळहातावर ठेवलं. किती वर्षांनी तिची ऊब लागली! थोडी आणखी लागली असती तर मी वितळलोच असतो. तिनं मला उलटंसुलटं करून बघितलं. मग कनवटीला लावलेली पुडी सोडली आणि चिमूटभर भंडारा माझ्यावर टाकायला गेली.

“ओ मावशी, नक्को नक्को!” शौकत ओरडला. “हळद लगी तो माहनूर बेटी मेरेको उल्टा टांगेगी!”

ती हसली. खळखळून हसली, आणि माझ्यातला तो जुना करडा तुकडा गुदगुल्या झाल्यासारखा हलला. भंडारा तिनं स्वतःच्या कपाळाला लावला. मला म्हणाली, “तुला लई बोलले मी. ऱ्हा बाबा हितंच. आता कुणी फेकाय आलं तर मला सांगाय लाव ह्या भावाला.”

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी चिठ्ठी, एखादी पावती, एखादं न सांगितलेलं दुखणं कुठल्या तरी डबीत असेल. ती डबी देवाशेजारी ठेवली म्हणून आतलं झाकलेलं पवित्र होत नाही. ती उघडा, आणि माणसं जिवंत आहेत तोवर उघडा. डॉक्टर जितके महिने सांगतील तितके महिने गोळ्या घ्या, गाल भरले म्हणून थांबू नका. आणि कुणाचं ताट वेगळं मांडायला हात गेला, तर आधी त्या हातानं घरातली खिडकी उघडा आणि आपल्या स्वतःच्या खोकल्याकडं कान द्या. मला मेणात जपलं म्हणून मी साक्षीला उभा राहू शकलो. आम्हा जुन्या, बोलता न येणाऱ्यांना नंबरासकट जपा, एवढीच विनंती.

शौकतनं मला परत चौथ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. सकाळचा जप मी अजून करतो, नेम तो नेम. पण आता त्यात नंबर नसतो. मी म्हणतो: बानाबाई खंडेराव, हर्सूल. आणि ड्रॉवर सरकला की अजूनही दचकतो. मग वाटतं, बघू तरी, कोण आलंय.